तिसरी खुर्ची

ओमानमधल्या बरका गावात एकनाथ टेलर कोण, असं विचारलंत तर निम्मी माणसं आपला गळा पुढे करतील. ओमानी लोकांच्या पायघोळ दिशदाशाला गळ्यापाशी दोऱ्यांचा एक गोंडा असतो. त्याला अत्तर लावायचं आणि दिवसभर आपल्याच अंगाचा वास घेत हिंडायचं, अशी इथली रीत. कापड विरून जाईल, पण एकनाथनं लावलेला गोंडा काही निखळायचा नाही. बाकी माणूस बेताचा. उंची बेताची, बोलणं बेताचं, मिशी मात्र बेताबाहेरची.

गुहागरकडचा हा. पोरवयात आला तेव्हा बाजारामागच्या खोलीत आठ जणांत राहिला. त्या आठांचं जेवण रांधायचे दाभोळचे शरीफचाचा. एकनाथला कावीळ झाली तेव्हा याच माणसानं त्याला महिनाभर पेज भरवली, आणि वर दुकानात चार शब्द बोलता यावेत म्हणून अरबीही शिकवली. ‘यल्ला’ म्हणजे चल आणि ‘खलास’ म्हणजे संपलं, एवढ्यावर माणूस अर्धं आयुष्य काढू शकतो, असं चाचा म्हणायचे. एकनाथनं काढलंही. मग अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, मेहेरबानीनं दुकान झालं, दुकानामागेच घर झालं, बायको कलावती आली, पूर्वा इथेच जन्मली आणि इथल्या इंडियन स्कूलात जाऊ लागली.

आता ज्या मंडळापायी हे सगळं रामायण झालं त्याचंही सांगायला हवं. किनारा मंडळ त्याचं नाव. रत्नागिरी-रायगडची हिंदू-मुसलमान सगळी माणसं त्यात. ईदला शीरखुर्मा आणि गणपतीला मोदक, दोन्हीला तीच माणसं आणि तेच पडदे. पडदे एकनाथनं शिवलेले. मंडळाची बरक्यात एक खोली होती, तीच ती जुनी, बाजारामागची. कुणाची नोकरी सुटली, कुणी आजारी पडलं, कुणाचं विमान हुकलं, तर तिथे अंग टाकायचं. सध्या त्या खोलीत शरीफचाचाच होते. साखरेच्या दुखण्यानं पायाला जखम झालेली, डॉक्टर म्हणाले, भरेपर्यंत विमानात पाऊल ठेवायचं नाही. एकनाथनं किती वेळा म्हटलं, चाचा, घरी या. म्हातारा ऐकेना. “तुझा घर एका खोलीचा. त्यात शिकणारी पोर. मी रात्रभर खोकणार, ती काय डोंबल अभ्यास करणार?”

त्या खोलीवरूनच यंदाची अध्यक्षाची निवडणूक तापली होती. मस्कतचे सलीलसाहेब दोनदा अध्यक्ष झालेले. माणूस वाईट नव्हे, बोलायला गोड, इस्त्री केल्यासारखा. पण त्यांचं म्हणणं, खोली म्हणजे मंडळाच्या गळ्यातली धोंड. उद्या तिथे कुणी काही भानगड केली तर पोलीस कुणाला विचारणार? अध्यक्षाला. तेव्हा खोली बंद करायची. त्यांच्यासमोर उभा होता मुनीर, श्रीवर्धनचा, बरक्यात मासळीचा व्यापारी. आवाज असा की समुद्रावर होडीला हाक मारावी. तो म्हणायचा, खोली राहणार म्हणजे राहणार. तेव्हा बरक्याचा गडी बरक्याच्या मुनीरला, मस्कतचा मस्कतच्या सलीलला, असं सरळ होतं.

मग या सरळ रस्त्यात एकनाथ आडवा कसा आला?

तर एक दिवस सलीलसाहेब गाडी घेऊन थेट मस्कतहून दुकानात. ऑफिसात कसलासा समारंभ आहे, म्हणे, ओमानी पोशाख करायचा आहे, शिवा. एकनाथ खांद्याची मापं घेऊ लागला आणि साहेब आरशात बघत बोलू लागले.

“एकनाथराव, इतकी वर्षं मंडळासाठी खपताय. स्टेजवरून तुमचं नाव कुणी घेतलंय कधी?”

“नाव काय घ्यायचं, साहेब. हात वर करा जरा.”

“मी तर म्हणतो, तुमच्यासारख्यानं उभं राहायला पाहिजे. नवा माणूस, साधा माणूस. लोकांना आता तेच हवंय.”

हात वर साहेबांनी केले, पण हरभऱ्याच्या झाडावर चढला एकनाथ.

सगळा दोष स्तुतीचा नव्हता हेही खरं. एकनाथच्या पोटात एक जुनी गोष्ट सलत होती. मंडळाचे सगळे कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी, मस्कतमध्ये. शुक्रवारी संध्याकाळी म्हणजे बाजारात ऐन गिऱ्हाइकाची वेळ. लॉन्ड्रीवाले, बेकरीवाले, टेलर, गॅरेजवाले यांनी यायचं कसं? ही माणसं मोकळी फक्त शुक्रवारी दुपारी, जुम्म्याची नमाज झाली की दुकानं उघडेपर्यंत. तेव्हा जमा, बरक्यात जमा, असं एकनाथ मुनीरला दर वर्षी सांगायचा. मुनीर दर वर्षी त्याच्या पाठीत थाप मारून म्हणायचा, “हो हो, बघू या.” बरक्याची मतं खिशातच आहेत, तर खिसा चाचपायचा कशाला?

एकनाथनं नाव दिलं. कलावती काजं करत होती, तिची सुई तशीच राहिली.

“अहो, तुम्हाला गावच्या शिमग्यात पालखीला खांदा द्यायलासुद्धा कधी पुढे जाववलं नाही.”

“तिथे भाऊबंद होते पुढे. इथे कोण आहे?”

“इथे मुनीरभाय आहेत.”

“तो मतं घेतो, विचारत नाही.”

कलावतीनं सुई पुन्हा काजात घातली. बायको गप्प बसली म्हणजे पटलं असं समजणारे पुरुष जगात फार आहेत.

पण एक सांगायला हवं. एकनाथ दारोदार गेला तो मनापासून गेला. जी माणसं नावालाच मंडळात होती, त्याच्या वाटेलाही कधी गेली नव्हती त्यांच्याकडे गेला. महाडचा आदिल लॉन्ड्री चालवायचा. त्यानं इस्त्रीवरून मान वर न करता विचारलं, “मंडळात आमचा काय काम, एकनाथभाय? तिथे पापलेट खाणारी माणसं. आपण बांगडेवाले.”

“म्हणून तर. शुक्रवारी दुपारी, इथेच बरक्यात जमलो तर येशील?”

आदिलनं इस्त्री उभी केली. “तेव्हा तर मी झोपलेला असतो.” मग हसला. “पण झोपून तरी काय मिळवलाय?”

त्यानं एकनाथच्या यादीत नाव घातलं. त्याच्यामागून गॅरेजातला चिपळूणचा प्रशांत आला, मग बेकरीवाले आले. पंधरा-वीस माणसं झाली. आणि गंमत बघा, ज्या शुक्रवारच्या दुपारीला इतकी वर्षं कुणी कुत्रं विचारत नव्हतं, ती आता सलीलसाहेबांच्या तोंडी आली. मुनीरच्याही आली. एकनाथला वाटलं, झालं, आपलं नाणं चाललं.

मुनीर एकदा दुकानात आला तो तणतणत. “एकनाथ, तू कापड कापतोस ते काप. माझी मतं कशाला कापतोस?”

“तुझ्या नावाची पट्टी होती का त्यांच्यावर?”

“अरे खुळ्या, तुझी मतं आणि माझी मतं एकाच ताग्यातली! सलीलचा एक धागा तरी निघतोय का त्यातून? तू बस खाली.”

“बसायला तू सांगणार?”

“मग कोण सांगणार? तो मस्कतवाला? त्यानंच तर उठवलाय तुला!”

एकनाथला हे झोंबलं. खरं झोंबतं तसंच झोंबलं, पण त्यानं मुनीरलाच पायरी दाखवली. नाव मागे घ्यायची मुदत त्याच आठवड्यात संपली.

अमेरिकेतही तेव्हा निवडणुकीचेच दिवस होते. दुकानातला टीव्ही सारखा तेच दाखवायचा. पूर्वाला शाळेत वादविवादाला विषय मिळाला, अध्यक्षाच्या निवडणुकीत तिसरा उमेदवार असावा का नसावा. ती जेवताना बडबडत पाठ करायची. तिचं मराठी म्हणजे अर्धं ताट मराठीचं, अर्धं इंग्रजीचं.

“बाबा, तिथे थर्ड माणूस कधी जिंकतच नाही. ऑलमोस्ट नेव्हर. पण कोण हरणार ते तो ठरवतो.”

एकनाथचा घास थांबला. “म्हणजे कसं?”

“म्हणजे एकदा ना, एका स्टेटमध्ये दोघांत डिफरन्स इतकुसा होता. आणि तिसऱ्याला त्याच्या कितीतरी पट व्होट्स. ते व्होट्स ज्याला गेले असते असं लोक म्हणतात, तो हरला. पूर्ण कंट्री हरला. आणि खूप जुन्या काळी एका पार्टीतलाच माणूस रुसून वेगळा उभा राहिला. मग ते दोघंही पडले, समोरचा आला.”

“दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, असं आपण म्हणतो,” कलावती भात वाढत म्हणाली. “यांचं उलटं दिसतंय. तिसऱ्याची हौस आणि दोघांतल्या एकाचा लाभ.”

“मग तिसऱ्यानं उभंच राहू नये होय?” एकनाथचा आवाज चढला.

“तसं नाही, बाबा. तो नसला तर काही गोष्टी कोणी बोलतच नाही. त्याचे आयडियाज मग मोठे लोक घेतात. मला दोन्ही साइड बोलायचंय. कुठली खरी ते टीचरला पण नाही माहीत.”

पूर्वा अभ्यासाला बसली. कलावतीनं ताटं उचलली आणि जाता जाता दुकानाच्या दाराकडे हनुवटी केली. “सलीलसाहेबांचा समारंभ झाला का हो?”

“झाला असेल. का?”

“दिशदाशा अजून खिळ्यालाच आहे. न्यायला कुणी आलं नाही. ज्याला घालायचाच नव्हता त्यानं मापं कशाची दिली?”

एकनाथनं पाहिलं. पांढराशुभ्र, इस्त्री न मोडलेला, गळ्याला गोंडा लावलेला, खिळ्यावर लोंबत होता. कुणीतरी त्याच्याकडे बघून हसावं तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शरीफचाचांकडे गेला. म्हातारा खाटेवर पाय उंच करून कांदा चिरत बसलेला. एकनाथनं सगळं सांगितलं. सलीलचं, मुनीरचं, अमेरिकेचंसुद्धा.

“माझ्या उभं राहण्यानं सलील निवडून आला तर तुमची ही खाट जाईल, चाचा.”

“हां. ती जाईल.”

“मग तुम्ही मला आधी का नाही बोललात?”

“तू विचारलास? तू तर मला पत्रकं दाखवायला येत होतास.” चाचांनी कांद्याचं साल बाजूला सारलं. “आणि मला बरा वाटत होता रे. माझा पोर खुर्चीवर बसणार. तुझी ती शुक्रवारची गोष्ट शंभर टक्के खरी हाय.”

“मग मत मलाच ना?”

म्हाताऱ्यानं सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, “नाय. मुनीरला. राग मानू नको. तू माझ्या काळजाचा, पण मला निजायला खाट लागते, भाषणावर निजता येत नाय.”

एकनाथ हसायला गेला, पण हसू काही फुटेना. ज्या माणसानं पेज भरवून जगवलं तोच मत देत नाही म्हणतो, आणि तरी तोच बरोबर आहे, याला म्हणायचं काय?

“मग मी करू काय?”

“ते मला काय ठाव? मी सैपाकी माणूस. पण एक सांगतो. मीठ जास्ती पडला की काढता येत नाय. पाणी वाढवायचा.”

मंडळाची निवडणूक चिठ्ठ्यांनी होत नसे. फार वर्षांपूर्वी चिठ्ठ्यांवरून डोकी फुटायची वेळ आली होती, तेव्हापासून रीत अशी पडली की उमेदवारांनी खुर्च्यांवर बसायचं, झाडीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून. ज्याला ज्याचं पटेल त्यानं त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं. मोजणी होईपर्यंत उमेदवारानं मान वळवायची नाही. कोण आलं, कोण नाही, हे बघून पुढे वैर नको म्हणून. यंदा सगळं बरक्याच्या एका खजुरीच्या बागेत, आणि एकनाथच्या रेट्यामुळे शुक्रवारी दुपारी. खुर्च्या दरवर्षी दोन असत. या वेळी तिसरी आणावी लागली, ती आदिल आपल्या लॉन्ड्रीतून घेऊन आला, पुसून, वर टॉवेल अंथरून.

एकनाथ तिच्यावर बसला. समोर खजुरीची खोडं, पाठीमागे पावलं. माणूस बघत नाही तेव्हा कानच डोळे होतात. आदिलचा आवाज आला, “सरका रे, मी पहिला.” प्रशांतचं खोकणं आलं. मग शरीफचाचांची काठी टकटक करत आली, त्याच्या मागे क्षणभर थांबली आणि मुनीरच्या बाजूला गेली. पलीकडे सलीलसाहेबांच्या मागे गाड्यांच्या किल्ल्या वाजत होत्या, त्या वाजायच्या थांबेचनात. रांग लांब होती.

एकनाथच्या मनात आलं, बसून राहावं. आपली माणसं मागे आहेत, आयुष्यात पहिल्यांदा आहेत. आणि मग ती काठी डोळ्यांसमोर आली, खोलीतून बाहेर पडून रस्त्याकडे निघालेली.

तो उठला. आणि उठला तो सरळ मागे वळला.

“अहो, वळायचं नाही!” मोजणी करणारा ओरडला.

वळलेल्या एकनाथला पहिली दिसली ती कलावती, आणि तीही त्याच्या रांगेत नव्हे. पदर खोचून मुनीरच्या मागे उभी.

“अगं, तू?”

“बघताय काय? चाचांना धरायला कुणी नको?” ती शांतपणे म्हणाली. “या इकडे, नाहीतर बसा तिथे. पण उन्हात ताटकळत ठेवू नका लोकांना.”

सगळी बाग हसली. सलीलसाहेब आणि मुनीर तेवढे अजून झाडांकडे तोंड करून बसलेले. मुनीर ओरडला, “काय चाललंय मागे? कोण बोलतंय?”

“मी बोलतोय, मुनीर. माझ्यामागे माणसं आहेत. तुला हवीत?”

“हे काय विचारणं झालं?”

“शुक्रवार दुपार बरक्यात, कायमची. आणि आदिल कमिटीत. सगळ्यांसमोर बोल.”

“आत्ता? असं पाठमोरं?”

“असंच. तोंड बघून तू ‘बघू या’ म्हणतोस.”

मुनीरनं उत्तर द्यायच्या आत सलीलसाहेबांच्या खुर्चीतून गोड आवाज आला. “एकनाथराव, शुक्रवार दुपार तर मीही देतो. कमिटीत दोन जागा देतो.”

दोन जागा! एकनाथनं त्या इस्त्रीच्या सदऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. “आणि खोली, साहेब?”

“खोलीचं... आपण नंतर बसून बोलू.”

“दिलं!” मुनीर गरजला. “शुक्रवार दिला, आदिल दिला. अल्ला गवाह. आता या लवकर, मान दुखायला लागली.”

एकनाथ चालत जाऊन मुनीरच्या रांगेत, चाचांच्या मागे उभा राहिला. त्याला वाटलं होतं, आपण निघालो की मागून सगळी येतील, सुईमागून दोरा यावा तशी. प्रशांत आला. बेकरीवाले एकमेकांकडे बघत आले. आदिल आला नाही. तो आणि आणखी तिघं-चौघं त्या रिकाम्या खुर्चीच्या मागेच उभे राहिले, हाताची घडी घालून. मोजणी करणाऱ्यानं विचारलं, “ही कुणाची मतं धरू?” आदिल म्हणाला, “खुर्चीची धर.”

मुनीर निवडून आला, अगदी काठावर. ढोल वाजला, सरबत वाटलं. सलीलसाहेबांनी हसून एकनाथशी हात मिळवला, त्यांचा हसरा चेहरा काही मोडला नाही. आदिल आपली खुर्ची डोक्यावर घेऊन चालत लॉन्ड्रीकडे गेला.

खोली राहिली. महिन्याभरात चाचांची जखम भरली आणि ते दाभोळला गेले, जाताना रडले आणि कलावतीला मसाल्याची कृती सांगून गेले. एवढं करून वाचवली ती खाट रिकामीच झाली, असं एकनाथला वाटतं न वाटतं तोच सूर बंदराहून एक हात मोडलेला सुतार तिच्यावर येऊन निजला. शुक्रवारची दुपार सुरू झाली. मुनीर शब्दाला जागला, कमिटीत आदिलची जागा धरून ठेवली. पण आदिल येईना. वाटेत दिसला तर सलाम करायचा, तोही हात न उचलता.

पूर्वाला वादविवादात बक्षीस मिळालं नाही. दोन्ही बाजू बोललीस, एक निवडायला हवी होतीस, असं टीचर म्हणाल्या. एकनाथ तिला म्हणाला, “टीचरना आमच्या बागेत आणायला हवं होतं.” पण त्याचं मन त्यात नव्हतं. शेवटी एका शुक्रवारी, सभेच्या वेळी, तो सभेला न जाता लॉन्ड्रीत गेला. आदिल एकटाच इस्त्री करत होता.

“जागा आहे तुझी. मुनीरनं कुणाला बसू दिलं नाही.”

“मी मागितली होती?”

“तुझ्यासाठीच घेतली मी.”

आदिलनं दिशदाशा उलटा केला, पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली. वाफ मध्ये आली तेवढा वेळ दोघंही एकमेकांना दिसेनासे झाले.

“एकनाथभाय, मुनीरभाय आमची मतं न विचारता खिशातली समजायचे, म्हणून तुमच्यामागे आलो. तुम्ही काय केलात? तुम्हीही न विचारता काढलीत आणि त्यांच्या खिशात घातलीत. वर माझा नावही दिलात. मागे वळला होतात ना? मी तुमच्यासमोर दोन हातांवर उभा होतो. एकदा विचारायचा होता. ‘आदिल, तिकडे जाऊ या का?’ असा. मी आलोही असतो.”

एकनाथनं तोंड उघडलं. चाचांची खाट सांगावी, सलीलची लबाडी सांगावी, असं खूप होतं. सगळं खरं होतं. पण आदिल म्हणत होता तेही खरंच होतं, आणि एका खऱ्यानं दुसरं खरं पुसलं जात नाही.

“नाही विचारलं,” तो म्हणाला. “आता विचारतो. येतोस?”

“एवढे कपडे उरकायचेत.”

“मग थांबतो.”

“सभा सुरू झाली असेल तुमची.”

“होऊ दे.”

आदिलनं त्याच्याकडे पाहिलं, मग ढिगाकडे पाहिलं. पायानं एक खुर्ची त्याच्याकडे सरकवली. एकनाथ बसला, आणि गठ्ठ्यातला वरचा दिशदाशा ओढून मुकाट्यानं घडी घालू लागला.

“अशी नाय,” आदिल म्हणाला. “बाह्या आत घ्या आधी.”